अबोला चालणार नाही

जालन्यात मस्तगडातली खोली भाड्याने देताना मावशींनी मला अट घातली ती अशी: भाडं दोन-चार दिवस इकडेतिकडे झालं तरी चालेल, अबोला चालणार नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मिळूनमिसळून राहा, एवढाच तिचा अर्थ असेल, असं मला वाटलं. मी मोंढ्यात धान्याच्या एका आडतीवर हिशेब लिहायचो. हिशेबाच्या माणसाने अट नीट समजून घ्यावी, पण मी मान हलवली आणि सामान आणलं.

नवीन लग्न होतं. पहिल्याच महिन्यात माझं आणि बायकोचं तिच्या माहेरी जाण्यावरून वाजलं. दोष कोणाचा होता ते आता सांगून उपयोग नाही, कारण तिचं आणि माझं त्याबाबत अजून एकमत नाही. आम्ही बोलणं बंद केलं. ताट समोर यायचं, पाण्याचा तांब्या यायचा, शब्द यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी सुपात तूर घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसल्या आणि निवडू लागल्या. मी कामावर निघालो तरी हलेनात. उंबऱ्यावरची म्हातारी ओलांडून जाणं बरं दिसत नाही.

“मावशी, काही काम होतं का?”

“न्हाई. तुम्ही दोघं बोलायला लागले की उठते.”

बायको आतून म्हणाली, “यांना सांगा मावशी, की—”

“मला कामून सांगतीस? त्यो हाय की तिथं उभा. त्याला सांग. शिव्या दे पाह्यजे तर, मी कानावर हात ठिवते.”

बायकोने मग मला सांगितलं. बरंच सांगितलं. मावशी तूर निवडत ऐकत होत्या, आणि कानावर हात काही ठेवला नाही. मी उत्तर दिलं, तिने त्यावर उत्तर दिलं, आवाज चढले. तेव्हा मावशी सूप झटकून उठल्या, “आता बराबर,” म्हणाल्या आणि गेल्या. मी आडतीवर उशिरा पोचलो.

त्यांच्या घरात भांडण वर्ज्य नव्हतं. उलट त्या स्वतः रोज कुणाशी ना कुणाशी भांडत. भाजीवाली, पीठगिरणीवाला, नळाच्या रांगेतल्या बायका, सगळ्यांशी. पण सकाळी ज्याच्याशी भांडल्या त्याच्याकडे संध्याकाळी मुद्दाम जाऊन, “मंग, जेवले का?” असं विचारत. गिरणीवाला मला एकदा म्हणाला, की या बाईशी दुश्मनी करायचीसुद्धा सोय नाही.

ही सवय कुठून आली ते मला हळूहळू कळलं. काही त्यांच्याकडून, काही बायकोकडून.

जाफराबादच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत, एका पंथाचं मोठं आवार होतं. पंथाचं नाव मी लिहीत नाही. लोक नुसतं ‘आवार’ म्हणत. आत महाराज, त्यांचे सेवक आणि घरंदारं सोडून राहायला आलेली कुटुंबं. तिथले नियम कडक होते. बाहेरचं अन्न खायचं नाही, नातलगांच्या लग्नाला किंवा मातीला जायचं नाही, आणि दर अमावास्येच्या सभेत दुसऱ्याची चूक दिसली असेल तर उठून सांगायची. नवऱ्याने बायकोची, बायकोने सासूची. चूक ठरली की त्या माणसाला ‘सावलीत बसवत’. म्हणजे मारझोड नाही, उपास नाही. पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्याच्याशी कोणी एक शब्द बोलायचा नाही, एवढंच. तो मागच्या भिंतीजवळच्या पत्र्याखाली एकटा शेंगा फोडत बसायचा. पौर्णिमेला त्याला ‘उन्हात आणत’. झांजा वाजत, गळ्यात हार, तोंडात गूळ-खोबरं, आणि सगळे त्याला मिठ्या मारून रडत.

आणि जो आवार सोडून गेला त्याच्याशी तर कधीच बोलायचं नाही. त्याला पौर्णिमा नव्हती.

मावशी तिथे पुष्कळ वर्षं राहिल्या होत्या. नक्की किती, ते त्या प्रत्येक वेळी वेगळं सांगत, म्हणून मी आकडा देत नाही. नवरा आजारी पडला तेव्हा गेल्या. नवरा तिथेच वारला. हे वडिलांचं घर त्यांच्या नावावर होतं. ते पंथाला लिहून द्यायचं राहिलं, म्हणून परत यायला छप्पर उरलं. परत आल्या तेव्हा एकट्या आल्या. मुलगी आतच राहिली.

आमच्या समोरच्या दोन खोल्यांत एक गुरुजी राहायचे. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारलेला. त्यांना खोली दिल्यावर गल्लीतल्या काही मंडळींनी मावशींना येऊन समजावलं. गुरुजी आडाला हात लावणार, त्यांच्या घरचा डबा तुमच्या घरात येणार, वगैरे. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आवारात सगळे एका पंगतीला बसायचे. कोण कोणाचा हे कुणी विचारायचं न्हाई. मी तिथून दुसरं काही आणलं न्हाई, तेवढं आणलंय. ते बी टाकून दिऊ काय?” मग त्यांनी मंडळींनाच चहा विचारला. काहींनी घेतला, काहींना अचानक काम आठवलं. जे न पिता गेले त्यांच्या दारात मावशी दुसऱ्या दिवशी जाऊन, “काय म्हनता?” विचारून आल्या.

पंथाबद्दल मावशी वाईट बोलत नसत. आम्हाला याचं नवल वाटायचं. एकदा औरंगाबादहून एक सुशिक्षित गृहस्थ आले. बुवाबाजीविरुद्ध व्याख्यानं देत असत. मावशींनी टाऊन हॉलला येऊन चार शब्द बोलावेत, अशी त्यांची विनंती होती. माणूस चांगला होता, कळकळीचा होता. त्यांनी महाराजांना लुच्चा म्हटलं. मावशी म्हणाल्या, असेल. सेवकांना त्यांनी अडाणी म्हटलं, तेव्हा मात्र मावशींनी पाटावर बूड सरकवून नीट बैठक मारली.

“माझा नवरा सहा महिने हातरुणावर हागत-मुतत व्हता. ते त्या अडाण्यांनी काढलं. सख्खे दीर दारात आले न्हाईत. भात्तरच्या दुस्काळात खडी फोडून हात सोलून निघायचे, तवा तिथं आयाबायांना दोन वक्त भाकर भेटायची. तवा तुम्ही कुठं व्हते?”

गृहस्थ म्हणाले, “पण मग तुम्ही बाहेर का आलात?”

“भाजीला मीठ नसायचं,” मावशी म्हणाल्या.

भाजीवालीला त्यांनी कारण सांगितलं होतं, की मांडी घालून गुडघे धरतात. मला एकदा म्हणाल्या, घराला वाळवी लागायला लागली होती. तीन कारणं, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. मला असं अर्धवट सोडवत नाही, म्हणून मी एकदा गुरुजींपाशी विषय काढला. ते म्हणाले, “आम्ही जुनं सोडलं तेव्हा सगळी वस्ती एकदम निघाली. माझी आजी भीत होती, पण शेजारीण निघाली म्हणून तीही निघाली. मावशी एकट्या निघाल्या. सोडल्यावर बोलायला कोण आहे, यावर पुष्कळ असतं.” ते मावशींना मनापासून मानत. त्यांच्यासारखा मोजून बोलणारा माणूस रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्यांच्या ओट्यावर जाऊन दिवसाची हकिगत सांगायचा.

जाफराबादच्या बाजाराच्या दिवशी मावशी सकाळच्या एसटीने जात. आवारातल्या बायका बाजारात शेंगदाणे, डाळ, वाती विकायला बसत, आणि त्यांत मावशींची मुलगी असे. तूर आणि भुईमुगाचे भाव पाहायला मालक मला कधी तिकडे पाठवत, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. म्हणून हे ऐकीव नाही.

मावशी दुकानासमोर उकिडव्या बसत आणि बोलायला सुरुवात करत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय व्याली, भोकरदनच्या मामाने पायरी बांधली, गुरुजींची बदली टळली, आमच्या घरात पाळणा हलायची लक्षणं आहेत. मुलगी तराजू धरून खाली बघत असे. मावशींसारखंच रुंद कपाळ, त्यांच्यासारखीच जिवणी, फक्त मिटलेली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती भाव तोंडाने सांगायची. मावशींनी शेंगदाणे मागितले की बोटं दाखवायची. मावशी बोटं बघून घासाघीस करत. “एवढं महाग? उतरव की एक बोट.” मुलगी बोट उतरवत नसे. आजूबाजूचे हसत. मावशींना त्याचं काही नव्हतं. एसटीची वेळ झाली की, “बरं, येते. पुढल्या बाजाराला येते,” म्हणून उठत.

परतीच्या वाटेवर मी एकदा म्हणालो, की तिला सरळ ‘चल’ म्हणून का सांगत नाही. त्या म्हणाल्या, “निघाले तवा म्हनलं होतं एकदा. न्हाई म्हनली. दुसऱ्यांदा म्हनलं की मंग मी आन् महाराज, दोघं बी तिला वढूनच राह्यलो ना. मी फकस्त बोलते. तिनं बी बोलावं, एवढंच पाह्यजे मला. तिथं ऱ्हाऊन बोलली तरी चालंल.”

निघण्याचं खरं कारण त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. तिला दिवस गेले होते, आणि दुपारी दोघी मिळून गहू निवडत. मुलगी बारा-तेरा वर्षांची असताना भोकरदनला मामेबहिणीच्या हळदीला गुपचूप गेली आणि तिथे जेवून आली. अमावास्येच्या सभेत ते निघालं. तिला सावलीत बसवलं. पोर पत्र्याखालून रोज आईकडे बघायची. आई पाण्याची घागर घेऊन पुढून जायची आणि मान वळवायची नाही. बाकीच्या बायांच्या तोंडून चुकून एखादा शब्द तरी निसटायचा, मावशींच्या तोंडून निसटला नाही. पौर्णिमेला पोरीला उन्हात आणलं, आणि महाराजांनी भर सभेत मावशींचं नाव घेतलं. आई असावी तर अशी, म्हणाले.

“आन् मला बरं वाटलं, पोरी,” मावशी बायकोला म्हणाल्या. “लई बरं वाटलं. तेच मला नंतर पचलं न्हाई.”

त्या बाहेर पडल्या ते वर्षभराने. मुलगी निघाली नाही, कारण तिच्या मनात त्या पौर्णिमेचे हार होते. पत्र्याखालचा अबोला तिच्या लेखी आईचा, आणि उन्हातलं कौतुक आवाराचं. मावशी म्हणत, सावलीत बसलेलं माणूस पळून जात नाही, कारण पळालं तर चूक खरी ठरते. आणि उन्हात आल्यावर तर नाहीच जात. तसं कौतुक सासरी होत नाही, माहेरी होत नाही. मी त्यात भर घालावी असं काही नाही.

एका पावसाळ्याच्या अखेरीला मावशींना हिवताप झाला. बाजार चुकला. मला आडतीच्या कामाने जायचंच होतं, तेव्हा बायको म्हणाली, दुकानावरून जाऊन या. मी गेलो, शेंगदाणे मागितले. मुलीने तराजूत माप टाकलं आणि वर न बघता विचारलं, “त्या आल्या न्हाईत आज?”

मी सांगितलं, ताप आहे, उतरेल. तिने भाव सांगितला. शेजारी वाती विकणारी बाई आमच्याकडे बघत होती.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मावशी अंथरुणात उठून बसल्या. आधी त्यांचा चेहरा असा उजळला, की बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जवळ दुसरी कुणी बसलेली होती का?” मी हो म्हणालो. “मंग अमावास्येला निघंल ते. माझ्यापायी सावलीत बसंल.”

तसंच झालं. अमावास्येनंतरच्या बाजारात दुकानावर मुलगी नव्हती. मावशी तिथून उठल्या आणि थेट आवाराकडे चालत गेल्या.

शेंगा फोडायचा पत्रा कुठल्या भिंतीला लागून आहे ते त्यांना माहीत होतं. त्या बाहेरून त्या भिंतीशी बसल्या आणि बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी परत गेल्या. तिसऱ्या दिवशी परत. अंगात कणकण होतीच. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. बायको भाकरी बांधून द्यायची. गुरुजींनी एकदा ‘तब्येत बघा’ म्हटलं, तर म्हणाल्या, “तिथं बसूनच बोलायचंय. धावायचं थोडंच हाय.”

पौर्णिमेला आडतीला सुट्टी होती. मी बरोबर गेलो, कारण आदल्या दिवशी त्या फाट्यावर चक्कर येऊन बसल्याचं कंडक्टरने सांगितलं होतं.

भिंत पुरुषभर उंच होती. पलीकडून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता, त्यापलीकडे काही नाही. मावशी पाठ टेकून बसल्या आणि आदल्या दिवशी कुठे थांबल्या होत्या तिथून पुढे सांगू लागल्या. त्यात काही उपदेश नव्हता. गिरणीवाल्याने पट्टा बदलला. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. माझ्या बायकोचं डोहाळजेवण कसं झालं, कोण रुसलं, जिलेबी कशी बिघडली.

थोड्या वेळाने आतून झांजा सुरू झाल्या. ते रोज करत, मावशी म्हणाल्या. बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. त्या थांबल्या, पानाची चंची काढली, सावकाश पान खाल्लं. झांजा वाजवणाऱ्यांचे हात भरून आले तेव्हा पुढे सुरू झाल्या.

मग फाटकातून एक सेवक आला. मावशींनी त्याला हाक मारली, “कसा हायस रे? आईचं गुडघं कसं हाय?” त्याने ऐकलं नाही असं केलं. सोडून गेलेल्या माणसाशी त्याला बोलता येत नव्हतं, आणि न बोलता उठवायचं कसं, हा आवाराला पडलेला पेच होता. तो मला म्हणाला, “साहेब, यांना सांगा इथं बसू नका म्हणून.”

मावशी मला म्हणाल्या, “त्याला म्हनावं, मलाच सांग. मी बहिरी न्हाई.”

तो बिचारा लहानपणी आवारात मावशींच्याच पंगतीला जेवलेला, त्यांच्या हाताखाली वाढलेला. शेवटी हळूच म्हणाला, “आईला बरं हाय,” आणि घाईने परत गेला. ते त्याने माझ्याकडे बघून म्हटलं होतं.

दहाच्या सुमाराला आत लगबग वाढली. हार आले असावेत. शेंगांचा आवाज थांबला. मावशी उठून उभ्या राहिल्या, भिंतीला तळवा लावला आणि आवाज न चढवता म्हणाल्या,

“आज तुला गूळ-खोबरं देतील. घे. न्हाई म्हनू नको. ते मनापासून देतात, मला माहीत हाय. मी आता निघते. अकराची एसटी हाय. उद्या न्हाई येत, उद्यापासून तुझ्याशी बोलायला सगळे हायत. बाजाराला भेटते.”

आणि त्या खरंच निघाल्या. मी मागे वळून बघत होतो, त्या बघत नव्हत्या. फाट्यापर्यंतची वाट काळ्या मातीची, पावसाने खचलेली. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला आला होता. अर्ध्या वाटेवर मागून अनवाणी पावलांचा आवाज आला.

मुलगी होती. गळ्यात हार नव्हता. हाताची बोटं शेंगांच्या टरफलांनी मळलेली. ती आमच्यापासून चार हात अंतर ठेवून चालू लागली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि चालत राहिल्या. फाट्यावर लिंबाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. मी जरा लांब सरकलो, पण ऐकू येत होतं.

“तवा कामून न्हाई बोललीस?” मुलगी म्हणाली.

कोणत्या वेळेचं, ते मावशींनी विचारलं नाही. नवऱ्याचं आजारपण सांगता आलं असतं, नियम सांगता आला असता. महाराजांवर ढकलता आलं असतं.

“भ्याले व्हते,” त्या म्हणाल्या. “आन् सभेत माझं नाव घेतलं, तवा मला बरं वाटलं व्हतं. ते बी खरं हाय.”

मुलगी बोटांना चिकटलेली टरफलं काढू लागली. आवाराकडून झांजा ऐकू येत होत्या. आत त्यांनी कोणाला तरी उन्हात आणलं असेल, किंवा तिला शोधत असतील, कळायला मार्ग नव्हता.

एसटी आली. गर्दी नव्हती. मावशी खिडकीशी बसल्या, मुलगी येऊन त्यांच्याच बाकावर बसली, मधे एका माणसाची जागा सोडून. मी मागे बसलो. कंडक्टर ओळखीचा होता. दोन आठवडे तो मावशींना रोज नेत-आणत होता. त्याने मुलीकडे पाहिलं, मग मावशींना विचारलं, “मावशी, या कुठं चालल्या?”

मावशींनी उत्तर दिलं नाही. कुणी काही विचारलं आणि मावशी गप्प बसल्या, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी पदराची गाठ सोडून पैसे हातात घेतले होते आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

कंडक्टर थांबला.

“जालना,” मुलगी म्हणाली.